प्रभारी मितान

बिसेन सरांनी मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्याकडे पाहिलंच नाही. माझ्या खोलीच्या उंबऱ्याला त्यांनी टाच लावली, पाठ फिरवली आणि एक-दोन-तीन करत स्वतःच्या खोलीकडे चालू लागले. मी हातात बादली घेऊन उभा. आपल्या दाराशी पोचल्यावर ते वळले आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "सदतीस! सदतीस पावलं म्हणजे तीन महिने. दिवाळीपर्यंत आपली दोस्ती पक्की समजा जी, मराठीवाले!"

ते साल एकोणीसशे नव्याण्णव. गोंदिया जिल्हा नुकताच वेगळा झालेला, आणि देवरीच्या कनिष्ठ महाविद्यालयात मी मराठी शिकवायला नुकताच आलेला. मला दोस्ती नको होती, बदली हवी होती. तिचा अर्ज मी रुजू होतानाच लिहून ठेवला होता, फक्त तारीख घालायची बाकी होती.

सर मानसशास्त्र शिकवायचे. अख्ख्या तालुक्यात या विषयाचा दुसरा माणूस नव्हता, त्यामुळे त्यांना खोडून काढणाराही कोणी नव्हता. माणूस उंच. किती उंच, तर सायकलवर बसले की पाय जमिनीला टेकायचे, मग पायडल कशाला मारा, म्हणून ते सायकलवर बसून चालत यायचे. लग्न राहून गेलं होतं. घरात ते आणि त्यांची म्हातारी आई, जिला सगळी देवरी 'माय' म्हणायची.

सरांचा सिद्धांत असा, की माणसाला माणूस आवडतो तो गुणांमुळे नाही, रूपामुळे नाही, जवळ राहतो म्हणून आवडतो. "दोस्ती दिलात नसते जी, पायात असते," ते म्हणायचे. "रोज ज्याच्या दारावरून जाता, थोच शेवटी दोस्त होते. लोक त्याले नशीब म्हणून राहिले. नशीब नाही, रस्ता आहे थो!" त्याला ते दुसरं एक कलम जोडायचे. सारखा माणूस सारख्याकडे ओढला जातो. त्यामुळे त्यांनी गावात ज्या चाळीसेक जोड्या जुळवल्या, म्हणजे आपल्या हातानं शेजारी बसवून, चहा पाजून, दोस्ती लावून दिली, त्यांत सरांच्या जातीतल्या पवाराला पवार भेटला, कुणब्याला कुणबी आणि बौद्ध वस्तीतल्याला वस्तीतला. विज्ञानानं इतक्या शिस्तीत जात पाळलेली मी दुसरीकडे कुठं पाहिली नाही. पण हे बोलून दाखवायची तेव्हा माझी छाती नव्हती, आणि खरं सांगायचं तर ते माझ्या लक्षातही फार उशिरा आलं.

वर्गातही त्यांनी हाच प्रयोग केला. कोणाशेजारी कोण बसेल हे ते ठरवायचे, आणि वर्षभर जागा बदलू द्यायचे नाहीत. पोरांची दोस्ती अशी काही झाली की सहामाहीत मी 'माझे आजोबा' हा निबंध घातला, तर एकोणीस पेपरांत एकोणीस आजोबा एकाच मोहाच्या झाडावरून, एकाच फांदीवरून, एकाच पायावर पडले. मी पेपर सरांपुढे आपटले. त्यांनी ते डोळे भरून वाचले आणि म्हणाले, "पाहा जी, किती जीव आहे एकमेकांवर!"

माझ्यावरचा प्रयोग दिवाळीला फसला. तीन महिन्यांत आमची दोस्ती काही झाली नाही. सरांनी सिद्धांताला दोष दिला नाही, अंतराला दिला. त्यांनी खोली बदलली, सदतीसची एकवीस पावलं झाली. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा बदलली, आता नऊ. दोन वर्षांनी ते थेट माझ्या भिंतीपलीकडे राहायला आले आणि मी पाठ खाजवली तरी पलीकडून विचारायचे, "मच्छर आहे का जी?" ते एकेक पाऊल जवळ येत गेले आणि मी मनानं गोंदियापर्यंत मागं सरकत गेलो.

या सिद्धांताला देवरीत दोन भोकं होती. सरांना ती ठाऊक होती.

पहिलं भोक म्हणजे आमच्या ऑफिसचे गजभिये बाबू. कॉलेजात शिक्षकांना वेगळी खोली नव्हती, म्हणून सरांचं टेबल बाबूंच्या टेबलाला लागून होतं. दोघांमध्ये एक खिडकी. सरांना ती उघडी लागायची, बाबूंना बंद. बारा वर्षं हे दोघे एकमेकांपासून हातभर अंतरावर बसत होते आणि बारा वर्षं त्या खिडकीवरून त्यांचं महायुद्ध चालू होतं. बिजागरी इतक्या वेळा तुटली की सुताराच्या पोरीचं लग्न त्या खिडकीनं लावून दिलं असं लोक म्हणायचे. सर म्हणायचे, "या बाबूच्या डोक्यात हवाच नाही, म्हणून त्याले बाहेरची सोसत नाही." बाबू फायलीतून मान न काढता म्हणायचे, "हवा तुमच्या डोक्यात गेली आहे जी, तीच बाहेर काढा पहिले." सिद्धांताप्रमाणे हे दोघे जीवश्चकंठश्च असायला हवे होते. मी तसं एकदा म्हटलं, तर सर म्हणाले, "थो अपवाद आहे." बाबू म्हणाले, "मी माणूस आहो."

दुसरं भोक म्हणजे बसस्टँडवरचा पानठेलेवाला समारू. त्याचा एक मितान होता. मितान म्हणजे काय ते सांगतो, कारण पुढं सगळं त्यावरच आहे. छत्तीसगड आमच्या कुंपणापलीकडेच, त्यामुळे ही रीत आमच्याकडेही. दोन माणसं समोरासमोर उभी राहतात, चार लोकांसमक्ष नारळ एकमेकांच्या हातात देतात, की झाले मितान. त्यानंतर जन्मभर एकमेकांचं नाव घ्यायचं नाही, 'मितान' म्हणूनच हाक मारायची. त्याची आई ती आपली आई, त्याचं सुतक ते आपलं सुतक. आणि ते मोडत नाही. बायको सोडता येते, मितान सोडता येत नाही, असं समारू बायकोसमोर सांगायचा.

तर या समारूचा मितान दरेकसाला. मधे दोन डोंगर, एक जंगल आणि त्यातली अस्वलं. वर्षातून दोनदा भेट. आणि तरी त्यांच्यात असा जीव, की तिकडं मितानला ताप आला की इकडं समारू चुना जास्त लावायचा.

"किती पावलं आहे रे दरेकसा?" सरांनी एकदा चिडून विचारलं.

"मोजले नाही जी," समारू म्हणाला. "जायाचं असते तवा जातो."

सर त्या रात्री जेवले नाहीत, असं माय मला सांगत होती.

मायचा वेगळाच घोर होता. तिचं माहेर छत्तीसगडातल्या डोंगरगडकडचं, त्यामुळे मितान ही गोष्ट तिच्या रक्तातली. ऐंशी ओलांडलेली ती म्हातारी अंगणात तांदळाचे चीले करता करता मला म्हणायची, "याले भाऊ नाही, बहीण नाही, बायको नाही. गावभर जोड्या लावून राहिला, आन् याच्या बाजूले कोण आहे? मी मेल्यावर याच्या दारात कोण बसन, सांग बाबू?" मी चीला खायचो. संपला की दुसऱ्यासाठी ताट पुढं करायचो.

असाच एकदा, दोन हजार सहाच्या श्रावणात, माझ्या तोंडात चीला असताना सर म्हणाले, "मराठीवाले, सात वर्षं झाली. पायानं जे जमलं नाही ते आता नारळानं करून टाकू. भोजलीच्या दिवशी तुमी-आमी मितान बदू. चालते ना जी?" सर मला विचारत होते, पण नजर जमिनीकडे होती. पहिल्यांदाच ते काही मोजत नव्हते. माय तव्यावरचा चीला जळू देऊन माझ्याकडे बघत होती. मी मान डोलावली. घास गिळायला डोलावली, की होकार द्यायला, हे मला आजही सांगता येणार नाही. मायनं मात्र तेवढ्यात माझ्या कपाळावरून बोटं फिरवून कानशिलाशी मोडली.

नंतर समारूनं मला मितानपणाची सगळी कलमं वाचून दाखवली. लग्नात काय, मौतीत काय, पहिल्या धानाचे तांदूळ कोणी कोणाला पाठवायचे, आजारपणात कोणी उशाशी बसायचं. मला माणूस नको होता असं नाही. मला कायमचा नको होता. माझा अर्ज गोंदियात साहेबांच्या टेबलावर होता. देवरीत मी सात वर्षं पाहुणा म्हणून राहत होतो, आणि पाहुण्याला कोणी दावं लावत असेल तर तो काय करेल?

त्यानं जे केलं ते असं. भोजलीच्या दिवशी, म्हणजे राखीच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी सहाच्या गाडीनं मी गोंदियाला पळालो. मागं चिठ्ठी ठेवली : 'अचानक काम निघाले.' गोंदियात दिवसभर मी स्टेशनवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या मोजल्या. तेवढंच माझं अचानक काम.

पुढचं मी पाहिलेलं नाही, पण इतक्या लोकांनी इतक्या वेळा सांगितलं आहे की पाहिलेल्यापेक्षा मला जास्त आठवतं.

तलावाच्या पाळीवर बायका-पोरी टोपल्यांतली गव्हाची पिवळी रोपं, म्हणजे भोजली, पाण्यात सोडायला आलेल्या. सर नवं धोतर नेसून, हातात नारळ घेऊन उभे. आयुष्यात पहिल्यांदा धोतर, तेही लांबीला कमी पडलेलं. माय बैलगाडीतून आलेली. सगळं कॉलेज आलेलं. गजभिये बाबूही आलेले, सरांची फजिती होते का ते बघायला. हे त्यांनी पुढं स्वतः कबूल केलं. दहा वाजले, अकरा वाजले. मग माझी चिठ्ठी आली. सरांनी ती वाचली आणि घडी करून खिशात ठेवायला गेले, पण धोतराला खिसा नसतो. चिठ्ठी हातातच राहिली. एका हातात नारळ, एका हातात चिठ्ठी.

लोक कुजबुजायला लागले. कोणी हसलं. माय गाडीतून उतरली आणि तिनं एवढंच विचारलं, "नाही आला का?"

आता आमचं कॉलेज म्हणजे सरकारी वळणाचं. आमच्याकडे कोणतंही काम माणूस नाही म्हणून अडत नाही. प्राचार्य नसले तर प्रभारी प्राचार्य सही करतो, तोही नसला तर त्याच्या'करिता' कोणी तरी करतो. प्राचार्यांनी घड्याळ पाहिलं आणि हुकूम सोडला, "बाबू, मराठीवाल्यांकरिता तुम्ही उभे राहा. मुहूर्त जाऊ नये. ते आल्यावर बाकीचं नियमित करून घेऊ."

बाबू म्हणाले, "मी? याच्यासमोर?"

"तुम्हाला फक्त नारळ धरायचा आहे."

बाबूंनी मायकडे पाहिलं. म्हातारी उन्हात उभी, हात कपाळाशी. बाबू पुढं झाले. "टिळा-बिळा नाही लावणार मी," ते म्हणाले. "आमच्या वस्तीत ते सोडलं बापानं." समारू, जो हे सगळं लावून देत होता, म्हणाला, "टिळा राहू द्या जी. नारळ घ्या." सरांनी नारळ दिला. बाबूंनी घेतला, परत दिला. तीनदा. दोघांनी एकमेकांकडे बघितलं नाही, दोघेही तलावातल्या म्हशींकडे बघत होते.

तिसऱ्यांदा नारळ गेला आणि समारू ओरडला, "झाले मितान!"

"मराठीवाल्यांकरिता," प्राचार्यांनी दुरुस्ती केली.

"अं हं. नारळ ज्याच्या हातात गेला, मितान थोच. हे तुमचं ऑफिस नाही साहेब. इथं करिता चालत नाही."

असं म्हणतात की तेव्हा पाळीवर जी शांतता पसरली तिच्यात मासे वर येऊन बघून गेले. सर म्हणाले, "हे रद्द करा." बाबू म्हणाले, "मी लेखी हरकत घेऊन राहिलो." प्राचार्यांनी समिती नेमण्याचा प्रस्ताव ठेवला. आणि हा गोंधळ चालू असताना माय काठी टेकत बाबूंपाशी गेली, त्यांच्या गालावर हात ठेवला आणि म्हणाली, "मितान बेटा, जेवाले चाल." झालं. समिती बरखास्त.

दुसऱ्या दिवशी मी तोंड लपवत परतलो, तर माझ्याकडे बघायला कोणाला वेळ नव्हता. ऑफिसात अभूतपूर्व पेच पडला होता. बाबूंना हजेरीपटावर सरांचं नाव पुकारता येईना. ते म्हणायचे, "तिवारी सर... कापगते मॅडम... आन् हे." सरांना बाबूंविरुद्ध तक्रार करायची होती, पण तक्रारीत नाव लिहावं लागतं. पेनाची निब वाळून गेली. भांडायचं कसं? खिडकीवरून ओरडायचं तर 'मितान, खिडकी लाव' असं ओरडावं लागे, आणि ते शिवीसारखं वाजतच नसे. शेवटी तीन दिवस खिडकीला कोणी हातच लावला नाही. चौथ्या दिवशी बाबूंनी ती स्वतःहून उघडली. पाचव्या दिवशी सरांनी मफलर आणून त्यांच्या टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "थंडी लागन." ऑगस्ट महिना चालू होता.

मायनं दोघांना सोडलं नाही. रविवारी जेवायला बाबू, त्यांची बायको, दोन पोरी. सरांच्या नात्यातले चार जण एकदा अंगणात येऊन बसले आणि घसा साफ करत म्हणाले, "काकी, ऑफिसातली ओळख ऑफिसात ठेवावी. घरात पंगतीले कायले?" म्हातारी चीला उलटत म्हणाली, "पंगत माही आहे. तुमाले उठाचं असन तं उठा." ते उठले. बाबूंच्या धाकट्या पोरीनं त्यांच्या वाटचे चीलेही संपवले.

आणि सर? सरांच्या सिद्धांताला मोठं खिंडार पडलं होतं. बारा वर्षं हातभर अंतरावर बसून जे झालं नाही, ते एका चुकीच्या नारळानं होत होतं, आणि तेही दुसऱ्या कलमाला धाब्यावर बसवून. मी त्यांना डिवचलं, "सर, आता काय सांगाल वर्गात?"

ते म्हणाले, "पहिले माणूस आवडते, मग त्याच्यासाठी काही करतो, असं मी शिकवत होतो जी. उलटं आहे. पहिले करा लागते. तांदूळ न्या लागतात, पोरीच्या परीक्षेले सोबत जा लागते. करता करता मग, काय सांगू... आवडाले लागते." मग एकदम भानावर येऊन म्हणाले, "पण हे पुस्तकात नाही. तुमी कोणाले सांगू नका."

दोन वर्षांनी माय गेली. तिरडी उचलायची वेळ आली तेव्हा तेच चार नातलग पुढं सरसावले. सर जन्मभर कारण दिल्याशिवाय एक वाक्य बोलले नव्हते. त्या दिवशी बोलले, "समोरचा खांदा मितानचा." आणि कारण दिलं नाही. मी मागून चालत होतो. मागं खूप गर्दी होती, तिथं कोणालाही चालता येतं.

त्याच वर्षी माझा अर्ज मंजूर झाला. बसस्टँडवर सर आणि बाबू दोघं पोचवायला आले होते. गाडी सुटेपर्यंत ते उसळ तिखट असावी की नाही यावर वाद घालत होते आणि गाडी सुटल्याचं त्यांना कळलं नाही.

मग कधी तरी फोन, कधी तरी लग्नाची पत्रिका. दोन हजार तेराच्या हिवाळ्यात कळलं की सर गोंदियाच्या दवाखान्यात आहेत. माझ्या घरापासून तो रिक्षानं दहा मिनिटांवर. ते भरती होऊन सतरा दिवस झाले होते आणि मला अठराव्या दिवशी कळलं. पुढच्या आठवड्यात सर गेले. म्हणजे त्या अठराव्या दिवशीची भेट आमची शेवटची.

दुपारी संत्री घेऊन गेलो. वॉर्डाच्या दाराशी नर्सबाईंनी सांगितलं, "हळू बोला, त्यांचे भाऊ आत्ताच झोपले आहेत." मग स्वतःच हसून म्हणाल्या, "मी पहिल्या दिवशी फॉर्म भरताना विचारलं, यांचं बिसेन, तुमचं गजभिये, भाऊ कसे? तर म्हणाले, आमची माय एकच होती जी."

सर खाटेवर होते, म्हणजे निम्मे. पाय खाटेबाहेर. आवाज पार खाली गेलेला, पण डोळे जागेवर. मला बघून खूश झाले. थोडं इकडचं तिकडचं झालं. शेवटी मी म्हणालो, "सर, त्या भोजलीच्या दिवशी मी यायला पाहिजे होतं."

ते माझ्याकडे खूप प्रेमानं बघत राहिले. चिडलेले असते तर बरं झालं असतं.

"काऊन जी?" ते म्हणाले. "तुमी आले असते, तं खाली हा कोण झोपला असता?"

मी वाकून पाहिलं. खाटेखाली, फरशीवर, पिशवी उशाला घेऊन गजभिये बाबू झोपले होते. तोंड उघडं, आणि एक हात वर करून खाटेचा पाय धरलेला, जणू झोपेत कोणी खाट पळवून नेईल.

मी संत्री टेबलावर ठेवली. फरशीवर चपलांचा आवाज फार होत होता, म्हणून त्या काढून हातात घेतल्या आणि अनवाणी बाहेर आलो.